अफोर्डेबल केअर ॲक्ट

अफोर्डेबल केअर ॲक्ट हा अमेरिकेच्या आरोग्यविमा व्यवस्थेत व्यापक बदल करणारा संघीय कायदा आहे. त्याचे पूर्ण नाव पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर ॲक्ट असे असून तो बोलीभाषेत ओबामाकेअर या नावाने ओळखला जातो. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी त्यावर स्वाक्षरी केली. १९६५ मधील मेडिकेअर व मेडिकेड या योजनांनंतरचा अमेरिकेच्या आरोग्य क्षेत्रातील हा सर्वांत मोठा कायदेशीर बदल मानला जातो.

विमा नसलेल्या नागरिकांची संख्या कमी करणे, आजारी व्यक्तींना विमा नाकारण्याची प्रथा बंद करणे आणि विमा सर्वसामान्यांना परवडेल अशा किमतीत उपलब्ध करून देणे ही या कायद्याची प्रमुख उद्दिष्टे होती. पहिल्या दोन उद्दिष्टांबाबत कायद्याचा परिणाम बऱ्याच अंशी मान्य झाला आहे. तिसऱ्या उद्दिष्टाबाबत मात्र मतभेद कायम आहेत. विमा कोणासाठी परवडणारा असावा, त्यासाठी येणारा खर्च कोणी उचलावा आणि परवडणे नेमके कसे मोजावे, हे प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी राहिले आहेत.

## पार्श्वभूमी

### विमा व्यवस्थेची जडणघडण

अमेरिकेत सर्व नागरिकांसाठी एकच सरकारी आरोग्य योजना नाही. नोकरीतून मिळणारा विमा, वृद्धांसाठी मेडिकेअर, गरिबांसाठी मेडिकेड आणि व्यक्तीने स्वतः विकत घेतलेला विमा असे अनेक प्रवाह तेथे एकत्र नांदतात. ही व्यवस्था कोणत्याही एका आराखड्यानुसार उभी राहिलेली नाही.

१९२९ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस येथील बेलर रुग्णालयाने शाळाशिक्षकांसाठी एक योजना सुरू केली. दरमहा ५० सेंट भरणाऱ्या शिक्षकाला गरज पडल्यास वर्षातून २१ दिवस रुग्णालयात उपचार मिळत. पुढे ब्लू क्रॉस या नावाने देशभर पसरलेल्या योजनांचा हा आरंभ समजला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ पासून सरकारने वेतनवाढीवर निर्बंध घातले. विम्यासारखे लाभ मात्र या निर्बंधांतून वगळण्यात आले होते. त्यामुळे कामगारांना आकर्षित करण्यासाठी कंपन्या आरोग्यविमा देऊ लागल्या. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून वगळला आणि नोकरी व विमा यांची सांगड कायमची झाली. आजही अमेरिकेच्या सुमारे निम्म्या लोकसंख्येला विमा नोकरीमार्फत मिळतो.

या सांगडीमुळे नोकरी गेली की विमाही जात असे. स्वयंरोजगार करणारे, अर्धवेळ काम करणारे आणि लहान दुकानांत किंवा उपाहारगृहांत काम करणारे लोक तिच्या बाहेर राहत.

### आधीचे प्रयत्न

आजारपणासाठी सामाजिक विमा असावा ही मागणी थिओडोर रूझवेल्ट यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाने १९१२ च्या निवडणुकीत केली होती. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. अमेरिकन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला तीव्र विरोध केला आणि तो मंजूर होऊ शकला नाही. ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्या उपस्थितीत मेडिकेअर व मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली.

१९८६ मध्ये संमत झालेल्या एका कायद्याने रुग्णालयांवर नवे बंधन घातले. आपत्कालीन विभागात आलेल्या प्रत्येक रुग्णाला तपासणे आणि त्याची प्रकृती स्थिर करणे, त्याच्याकडे पैसे असोत वा नसोत, बंधनकारक झाले. या उपचारांसाठी वेगळा निधी मात्र देण्यात आला नाही. विमा नसलेल्यांचा खर्च अखेर विमा असलेल्यांच्या बिलांतून व करांतून भरून काढला जातो, हा सुधारणावाद्यांचा युक्तिवाद याच वस्तुस्थितीवर आधारलेला होता.

१९९३ मध्ये बिल क्लिंटन यांच्या सरकारने हिलरी क्लिंटन यांच्या नेतृत्वाखाली व्यापक सुधारणेचा आराखडा तयार केला. तो १९९४ मध्ये मतदानाला न येताच बारगळला. १९९७ मध्ये मेडिकेडसाठी अपात्र ठरणाऱ्या पण कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांसाठी स्वतंत्र विमा योजना सुरू झाली.

### मॅसॅच्युसेट्सचा प्रयोग

एप्रिल २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी आरोग्यविमा सुधारणा कायद्यावर स्वाक्षरी केली. विमा घेणे बंधनकारक करणे, कमी उत्पन्नाच्या लोकांना अनुदान देणे आणि विमा योजना एका ठिकाणी तुलना करून विकत घेता येतील अशी व्यवस्था उभारणे, ही त्याची तीन अंगे होती. विमा घेण्याच्या सक्तीची कल्पना हेरिटेज फाउंडेशन या पुराणमतवादी संस्थेने १९८९ मध्ये मांडली होती. १९९३ मध्ये सेनेटमधील काही रिपब्लिकन सदस्यांच्या पर्यायी विधेयकातही ती होती. पुढे याच तरतुदीला रिपब्लिकन पक्षाने सर्वाधिक विरोध केला.

## विधेयकाचा प्रवास

२००९ मध्ये ओबामा यांनी सूत्रे स्वीकारली तेव्हा देशात साडेचार कोटींहून अधिक लोकांकडे विमा नव्हता आणि आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. ऑगस्ट २००९ मध्ये लोकप्रतिनिधींनी मतदारसंघांत घेतलेल्या सभांमध्ये विधेयकावरून तीव्र वादावादी झाली. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील उपचारांबाबत डॉक्टरांशी सल्लामसलत करण्याची मुभा देणाऱ्या एका तरतुदीचा विपर्यास होऊन सरकार 'मृत्यू समित्या' नेमणार असल्याचा खोटा प्रचार झाला. ती तरतूद पुढे वगळण्यात आली.

प्रतिनिधीगृहाने ७ नोव्हेंबर २००९ रोजी आपले विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी संमत केले. त्यात खासगी कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या सरकारी विमा योजनेचा समावेश होता. सेनेटमध्ये विरोधकांचे लांबण लावणारे भाषणसत्र रोखण्यासाठी ६० मतांची गरज होती. जोसेफ लीबरमन यांच्यासह काही सदस्यांच्या विरोधामुळे सरकारी योजनेचा पर्याय तेथे वगळावा लागला. २४ डिसेंबर २००९ रोजी सेनेटने आपले विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत केले.

आरोग्यविम्याचे दीर्घकाळ पुरस्कर्ते असलेले सेनेटर टेड केनेडी यांचे ऑगस्ट २००९ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या जागेसाठी जानेवारी २०१० मध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार स्कॉट ब्राउन विजयी झाले आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे ६० मतांचे बळ संपले. त्यामुळे सेनेटचेच विधेयक जसेच्या तसे स्वीकारण्याचा मार्ग प्रतिनिधीगृहाने पत्करला. २१ मार्च २०१० रोजी ते २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले. अंतिम मतदानात दोन्ही सभागृहांत एकाही रिपब्लिकन सदस्याने विधेयकाच्या बाजूने मत दिले नाही. काही दुरुस्त्या ३० मार्च २०१० च्या दुसऱ्या कायद्याद्वारे करण्यात आल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधीगृहात ६३ जागा अधिक मिळवून बहुमत प्राप्त केले.

## प्रमुख तरतुदी

कायद्याच्या मूळ रचनेला तिपाईची उपमा दिली जाते. विमा कंपन्यांवरील निर्बंध, विमा घेण्याची सक्ती आणि अनुदान हे तिचे तीन पाय होत.

### विमा कंपन्यांवरील निर्बंध

कायद्यापूर्वी बहुतेक राज्यांत व्यक्तिगत विमा मागणाऱ्याच्या आजारांचा इतिहास तपासला जाई. मधुमेह, कर्करोग किंवा हृदयविकार असलेल्या व्यक्तीला कंपनी विमा नाकारू शकत असे अथवा अधिक हप्ता आकारू शकत असे. २०१४ पासून ही प्रथा बंद झाली. हप्ता ठरवताना केवळ वय, राहण्याचे ठिकाण, कुटुंबातील सदस्यांची संख्या आणि तंबाखूसेवन यांचाच विचार करता येतो. वयोवृद्ध प्रौढाचा हप्ता तरुण प्रौढाच्या हप्त्याच्या तिपटीपेक्षा अधिक असू शकत नाही. प्रसूती, मानसिक आरोग्य, औषधे आणि रुग्णालयातील उपचार यांसह सेवांचे दहा प्रकार व्यक्तिगत व लहान गटांच्या विम्यात अनिवार्य करण्यात आले. खर्चाच्या आजीवन व वार्षिक मर्यादा रद्द झाल्या. मुलांना वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत आईवडिलांच्या विम्यावर राहता येऊ लागले. जमा हप्त्यांपैकी किमान ८० टक्के, आणि मोठ्या गटांच्या विम्यात ८५ टक्के, रक्कम उपचार व सेवेच्या गुणवत्तेवर खर्च करणे कंपन्यांना बंधनकारक झाले. त्याहून कमी खर्च झाल्यास फरकाची रक्कम ग्राहकांना परत करावी लागते.

### विमा घेण्याची सक्ती

आजारी व्यक्तीला विमा नाकारता येत नसेल, तर निरोगी लोक आजारी पडेपर्यंत विमा घेणार नाहीत. मग विम्यात प्रामुख्याने आजारी लोक उरतील, हप्ते वाढतील आणि वाढत्या हप्त्यांमुळे आणखी निरोगी लोक बाहेर पडतील. हे चक्र टाळण्यासाठी विमा नसणाऱ्यांवर दंड आकारण्यात आला. २०१४ मध्ये तो प्रौढ व्यक्तीमागे ९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या १ टक्का, यांपैकी अधिक असेल तो होता. २०१६ पर्यंत तो ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या २.५ टक्के इतका वाढला. ५० किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकांवरही विमा देण्याचे बंधन आले. ते न पाळल्यास त्यांनाही दंड भरावा लागतो.

### अनुदान व मेडिकेडचा विस्तार

व्यक्तिगत विमा विकत घेण्यासाठी प्रत्येक राज्यात ऑनलाइन विमा बाजारपेठ स्थापन झाली. तेथील योजना कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा चार श्रेणींत विभागल्या आहेत. त्या सरासरी उपचारखर्चाचा अनुक्रमे ६०, ७०, ८० आणि ९० टक्के भाग उचलतात. संघीय दारिद्र्यरेषेच्या १०० ते ४०० टक्के उत्पन्न असलेल्यांना करसवलतीच्या रूपाने अनुदान मिळू लागले. २०१४ मध्ये अशा व्यक्तीला दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त रौप्य योजनेसाठी उत्पन्नानुसार २ ते ९.५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागे आणि उरलेला हप्ता सरकार भरत असे. दारिद्र्यरेषेच्या २५० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना उपचारांच्या वेळी द्याव्या लागणाऱ्या रकमेतही सूट मिळते.

त्याहून गरीब प्रौढांसाठी मेडिकेडचा विस्तार करण्यात आला. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या सर्व प्रौढांना त्यात घेण्याची योजना होती. या विस्ताराचा पूर्ण खर्च पहिली तीन वर्षे संघ सरकारने उचलला आणि २०२० पासून त्याचा वाटा ९० टक्के आहे.

### निधी

काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने मार्च २०१० मध्ये विमा विस्ताराचा दहा वर्षांचा एकूण खर्च ९३,८०० कोटी डॉलर असेल असा अंदाज दिला. मेडिकेअरमधून रुग्णालयांना व खासगी योजनांना मिळणाऱ्या रकमांतील कपात आणि नवे कर यांमुळे तूट मात्र १४,३०० कोटी डॉलरने कमी होईल, असेही त्यात म्हटले होते. वर्षाला २ लाख डॉलरहून अधिक, आणि दांपत्याच्या बाबतीत अडीच लाख डॉलरहून अधिक, उत्पन्न असलेल्यांवर अतिरिक्त कर बसला. वैद्यकीय उपकरणांवर, विमा कंपन्यांवर आणि महागड्या विमा योजनांवरही कर प्रस्तावित झाले. हे शेवटचे तीन कर दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने डिसेंबर २०१९ मध्ये रद्द करण्यात आले.

## परवडण्याविषयीचा वाद

### हप्ता कोणाचा वाढला, कोणाचा कमी झाला

आजारी व निरोगी व्यक्तींना समान हप्ता लागू झाल्याने आजारी लोकांचा भार कमी झाला आणि निरोगी लोकांचा वाढला. वृद्ध व तरुणांच्या हप्त्यातील अंतरावर मर्यादा आल्याने तरुणांवर तुलनेने अधिक भार पडला. ज्यांना अनुदान मिळते त्यांना ही वाढ फारशी जाणवत नाही, कारण त्यांचा वाटा उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांशी बांधलेला असतो. अनुदानाच्या मर्यादेबाहेरील मध्यमवर्गीयांना मात्र पूर्ण वाढ सोसावी लागते. संघीय संकेतस्थळ वापरणाऱ्या राज्यांत २०१७ साठी मानक रौप्य योजनेचा हप्ता सरासरी २५ टक्क्यांनी वाढला, तेव्हा हा फरक ठळकपणे समोर आला.

मूळ कायद्यात अनुदान ४०० टक्क्यांच्या मर्यादेवर एकदम थांबत असे. २०१४ च्या विम्यासाठी एकट्या व्यक्तीच्या बाबतीत ही मर्यादा ४५,९६० डॉलर होती. उदाहरणादाखल, ६० वर्षांच्या व्यक्तीसाठी मानक योजनेचा वार्षिक हप्ता ९,००० डॉलर आहे असे मानले, तर ४५,९०० डॉलर कमावणाऱ्याला सुमारे ४,३६० डॉलर भरावे लागत. ४६,००० डॉलर कमावणाऱ्याला मात्र पूर्ण ९,००० डॉलर भरावे लागत. उत्पन्नातील १०० डॉलरच्या फरकाने हप्त्यात साडेचार हजारांहून अधिक डॉलरचा फरक पडे. लहान शेतकरी, स्वतंत्र व्यावसायिक आणि साठीच्या आसपास निवृत्त झालेले लोक या कड्याच्या टोकावर सापडत.

### विमा आहे, पण उपचार परवडतात का

हप्ता भरल्यानंतरही वर्षातील पहिली काही रक्कम रुग्णाला स्वतः भरावी लागते. तिला डिडक्टिबल म्हणतात. ती ओलांडल्यावर विमा कंपनीचा वाटा सुरू होतो. प्रतिबंधात्मक तपासण्या व लसीकरण यांतून वगळलेले आहे. २०१४ मध्ये वर्षभरात रुग्णाने खिशातून भरावयाच्या एकूण रकमेची कमाल मर्यादा व्यक्तीसाठी ६,३५० डॉलर आणि कुटुंबासाठी १२,७०० डॉलर होती. मोठ्या आजारात ही मर्यादा दिवाळखोरीपासून संरक्षण देते. परंतु बचत नसलेल्या कुटुंबाला ती गाठण्यापूर्वीच उपचार पुढे ढकलावे लागतात, असा आक्षेप डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंच्या टीकाकारांनी घेतला. हप्ता कमी ठेवण्यासाठी अनेक कंपन्यांनी आपल्या योजनेत मोजक्याच रुग्णालयांचा व डॉक्टरांचा समावेश केला, हाही तक्रारीचा विषय ठरला.

### परवडण्याची व्याख्या

नोकरीत परवडणारा विमा मिळत असेल तर बाजारपेठेतील अनुदान मिळत नाही. हा विमा परवडणारा आहे की नाही हे ठरवताना केवळ कर्मचाऱ्याच्या एकट्याच्या विम्याचा हप्ता धरला जाई. तो उत्पन्नाच्या सुमारे ९.५ टक्क्यांच्या आत असला, तर पत्नी व मुलांना सामील करून घेण्यासाठी कितीही रक्कम लागत असली तरी संपूर्ण कुटुंब अनुदानास अपात्र ठरे. कुटुंबविषयक त्रुटी म्हणून ओळखली जाणारी ही बाब करविभागाने नियम बदलून २०२३ पासून दूर केली.

### समर्थकांची भूमिका

समर्थकांच्या मते कायद्यापूर्वीचा स्वस्त विमा अनेकदा आजारपणात उपयोगी पडत नसे. त्यात प्रसूती किंवा मानसिक आजारांचा समावेश नसे आणि खर्चाची मर्यादा लवकर संपे. आज निरोगी असलेली व्यक्ती उद्या आजारी पडू शकते, त्यामुळे तिने अधिक हप्ता भरणे हा अन्याय नसून विम्याचे मूलतत्त्व आहे, असे ते मांडतात. नोकरीशिवाय विमा मिळू लागल्याने लोकांना व्यवसाय सुरू करण्याचे किंवा नोकरी बदलण्याचे स्वातंत्र्य मिळाले, असाही त्यांचा युक्तिवाद आहे.

### विरोधकांची भूमिका

विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की कायद्याने खर्च कमी न करता तो दुसऱ्यांकडे वळवला. अनिवार्य सेवांमुळे लोकांना नको असलेल्या गोष्टींसाठी पैसे मोजावे लागतात आणि सरकारने नागरिकाला एखादी वस्तू विकत घेण्यास भाग पाडणे गैर आहे, असे ते म्हणतात. आवडत असलेला विमा कायम ठेवता येईल असे आश्वासन ओबामा यांनी वारंवार दिले होते. २०१३ च्या अखेरीस नव्या निकषांत न बसणाऱ्या अनेक पॉलिसी रद्द झाल्या तेव्हा ते खोटे ठरले आणि ओबामा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. अनुदानामुळे कंपन्यांना हप्ते वाढवण्यास मोकळीक मिळते, ही टीकाही वारंवार होते.

सर्वांसाठी एकच सरकारी योजना असावी असे मानणाऱ्या डाव्या गटाची टीका वेगळी आहे. खासगी कंपन्यांना मध्यस्थ म्हणून कायम ठेवल्यामुळे प्रशासकीय खर्च व रुग्णालयांचे चढे दर यांना हात लागला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

## न्यायालयीन निकाल

२८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विमा घेण्याची सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराखाली अशी सक्ती करता येणार नाही, परंतु दंड हा एक प्रकारचा कर असल्याने तो लावण्याचा अधिकार काँग्रेसला आहे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालात म्हटले. त्याच निकालात, मेडिकेडचा विस्तार न करणाऱ्या राज्यांचा आधीचा निधी थांबवता येणार नाही, असे ७ विरुद्ध २ मतांनी ठरले. त्यामुळे विस्तार ऐच्छिक झाला.

या दुसऱ्या भागाचा परिणाम दूरगामी ठरला. अतिगरिबांना मेडिकेड मिळेलच असे गृहीत धरून कायद्याने अनुदानाची सुरुवात दारिद्र्यरेषेपासून केली होती. टेक्सास, फ्लोरिडा यांसारख्या विस्तार नाकारणाऱ्या राज्यांत दारिद्र्यरेषेखालील अनेक प्रौढांना ना मेडिकेड मिळाले ना अनुदान. त्यांच्याहून थोडे अधिक कमावणाऱ्यांना मात्र अनुदानित विमा मिळाला. २०२३ च्या अखेरपर्यंत ४० राज्यांनी व राजधानी वॉशिंग्टनने विस्तार स्वीकारला होता.

२५ जून २०१५ रोजी न्यायालयाने संघीय बाजारपेठेतील ग्राहकांनाही अनुदान मिळेल असे ६ विरुद्ध ३ मतांनी स्पष्ट केले. १७ जून २०२१ रोजी, वादींना दाद मागण्याचा अधिकार नसल्याच्या कारणावरून, संपूर्ण कायदा रद्द करण्याची मागणी ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळली गेली.

## अंमलबजावणी व नंतरचे बदल

१ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालेले संघीय संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि ते सुरळीत होण्यास सुमारे दोन महिने लागले.

डॉनल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत कायदा रद्द करण्याचा प्रयत्न झाला. ४ मे २०१७ रोजी प्रतिनिधीगृहाने पर्यायी विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत केले. त्यामुळे २०२६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या २ कोटी ३० लाखांनी वाढेल, असा अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. २८ जुलै २०१७ रोजी सेनेटमध्ये मर्यादित स्वरूपाचा प्रस्तावही ४९ विरुद्ध ५१ मतांनी फेटाळला गेला. जॉन मॅककेन, सुझन कॉलिन्स आणि लिसा मुर्कोव्स्की या रिपब्लिकन सदस्यांनी विरोधात मत दिले. डिसेंबर २०१७ च्या करकायद्याने सक्तीचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला. तिपाईचा एक पाय निघाला, तरीही अपेक्षेप्रमाणे बाजारपेठ कोसळली नाही. बहुसंख्य ग्राहकांचा हप्ता अनुदानाने बांधलेला असल्याने ते टिकून राहिले, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

मार्च २०२१ मध्ये जो बायडेन यांच्या सरकारने अनुदान वाढवले. ४०० टक्क्यांची मर्यादा उठवण्यात आली आणि कोणालाही मानक योजनेसाठी उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून अधिक हप्ता भरावा लागणार नाही असे ठरले. २०२२ च्या कायद्याने ही व्यवस्था २०२५ च्या अखेरपर्यंत वाढवली. बाजारपेठेतील विमाधारकांची संख्या २०२१ मध्ये सुमारे १ कोटी २० लाख होती. २०२५ मध्ये ती सुमारे २ कोटी ४० लाख झाली.

४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने विस्तारित मेडिकेडमधील बहुतेक प्रौढांवर महिन्याला किमान ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा करण्याची अट घातली. वाढीव अनुदानाला मुदतवाढ देण्याच्या मागणीवरून १ ऑक्टोबर २०२५ पासून संघ सरकारचे कामकाज ४३ दिवस अंशतः बंद राहिले. मुदतवाढ न मिळाल्यास अनुदानित ग्राहकाचा सरासरी वार्षिक वाटा ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल, असा अंदाज केएफएफ या आरोग्यधोरणविषयक संस्थेने दिला होता. मुदतवाढीशिवायच कामकाज पुन्हा सुरू झाले.

## परिणाम

विमा नसलेल्यांची संख्या २०१० मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख होती. २०१६ पर्यंत ती सुमारे २ कोटी ८० लाखांवर आली. घट कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी उत्पन्नाच्या गटांत अधिक होती.

विमा मिळाल्याने आरोग्य किती सुधारते, यावर अभ्यासकांत चर्चा आहे. ओरेगन राज्याने २००८ मध्ये मेडिकेडमधील मर्यादित जागा सोडत काढून भरल्या. त्यामुळे विमा मिळालेल्या व न मिळालेल्या लोकांची थेट तुलना शक्य झाली. विमा मिळालेल्यांत आर्थिक ताण व नैराश्य कमी झाले आणि मधुमेहाचे निदान वाढले. रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांत मात्र दोन वर्षांत संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही. समर्थक या अभ्यासातील आर्थिक संरक्षणावर भर देतात, तर विरोधक शारीरिक निकषांवर.

आरोग्यावरील एकूण खर्च २०२३ मध्ये सुमारे ४.९ लाख कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १७.६ टक्के होता. कायदा संमत होतानाच्या प्रमाणाच्या तुलनेत त्यात मोठा बदल झालेला नाही. कायद्यामुळे खर्चवाढीला आळा बसला असे एक बाजू मानते. अमेरिकेतील उपचारांच्या मूळ किमतींना कायद्याने हात लावला नाही, याचाच हा पुरावा असल्याचे दुसरी बाजू सांगते.

## स्थलांतरितांची पात्रता

भारतातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांशीही या कायद्याचा संबंध येतो. कायम रहिवासाचा परवाना मिळालेल्या प्रौढांना मेडिकेडसाठी साधारणपणे पाच वर्षे थांबावे लागते. नोकरीचा पुरेसा इतिहास नसलेल्या ६५ वर्षांवरील कायम रहिवाशांना पाच वर्षांच्या सलग वास्तव्यानंतरच मेडिकेअर विकत घेता येते. त्यामुळे मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या वृद्ध आईवडिलांसाठी दरम्यानच्या काळात विमा बाजारपेठ हा महत्त्वाचा पर्याय ठरला. पर्यटक व्हिसावर भेटीस आलेल्यांना मात्र ही बाजारपेठ खुली नाही आणि त्यांना प्रवास विम्यावर अवलंबून राहावे लागते. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावरील कर्मचारी मूळ कायद्यानुसार अनुदानास पात्र होते. २०२५ च्या कायद्याने कायम रहिवासी व काही मोजके गट वगळता इतर बिगरनागरिकांची ही पात्रता २०२७ पासून संपुष्टात आणण्याची तरतूद केली.